आबा ऑपेरा ऐकतात

मला ऑपेरा बिलकुल आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बाईनं नीट ऐकलंच नसेल. ऐकलंय. जालन्यात माझ्याकडं गाणं शिकायला व्यापाऱ्यांच्या लेकीसुना येतात, त्या मोबाईलवर काहीबाही दाखवत असतात, त्यात तेही दाखवून झालंय. बाई उभी राहते, छाती भरून श्वास घेते आणि असा सूर फेकते की खिडकीतली कबुतरं उडावीत. मेहनत आहे, नाही म्हणत नाही मी. पण आमच्यात सुराच्या दाराशी आधी थोडं थांबायचं असतं, मग आत जायचं. मला खर्ज आवडतो, विलंबित आवडतं. तानांची आतषबाजी करणारा गवई समोर आला की मला चहाची आठवण होते. आणि पेटीवाला गाणाऱ्याच्या पुढं पळायला लागला तर मी सरळ उठून जाते, मग यजमानाला राग येवो नाहीतर काही होवो.

ऑपेरावरची माझी मोठी तक्रार मात्र वेगळीच आहे. तिथं मधे दाद द्यायची सोय नाही. लोक मुकाट बसतात आणि गाणं संपल्यावर टाळ्या वाजवतात, म्हणजे जेवण उरकल्यावर मीठ वाढायचं. आमचं गाणं दोघांनी मिळून होतं. गाणारा हिंडून फिरून तालाच्या पहिल्या मात्रेवर येतो, त्याला आम्ही सम म्हणतो, आणि तिथं ऐकणाऱ्याच्या तोंडून आपसूक 'वा' निघतं. त्या 'वा'च्या जोरावर पुढचं गाणं होतं. मला तर त्याशिवाय गाताच येत नाही, आणि ते 'वा' मला माझ्या वडिलांचंच लागतं.

आम्ही भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचे. घरात कापूस, मका आणि एकादशीचं भजन, यापलीकडं काही नव्हतं. माझा आवाज बरा आहे हे कुणाच्या ध्यानात आलं तर ते आबांच्या. भावकी नावं ठेवत असताना ते मला एसटीनं जालन्याला गुरुजींकडं नेत राहिले. मी आत शिकायचे, ते बाहेर ओट्यावर बसायचे. बसून बसून त्यांचा कान असा तयार झाला की रस्त्यानं परत येताना माझी कुठली जागा ढिली पडली ते सांगायचे. पुढं माझं लग्न होऊन मी जालन्यात आले, शिकवण्या सुरू केल्या, कुठं कुठं गायला लागले. प्रत्येक ठिकाणी आबा पहिल्या रांगेत, तबलजीच्या बरोबर समोर, मांडी घालून. त्यांचं 'वा, क्या बात है' ऐकायला लोक यायचे असं म्हटलं तरी चालेल. आता मी पन्नाशी ओलांडली. घसा दगा द्यायला लागला, तेव्हा गाणं बंद करायचं मी मनातून पक्कं केलं होतं. मग ठरवलं, आबा 'वा' म्हणतात तोवर गायचं, ज्या दिवशी म्हणणार नाहीत त्या दिवशी तंबोऱ्यावर खोळ घालायची.

तर गेल्या दिवाळीनंतर मी माहेरी गेले. गाडीतून उतरले तर घरातून एका पुरुषाचा भला जाडजूड आवाज येत होता. भाषा कुठली कळेना, गाणं म्हणावं की गर्जना तेही कळेना. आत बघते तर भजनी मंडळाचा मोठा स्पीकर मांडलेला, त्याला मोबाईल जोडलेला, आणि आबा त्याला खेटून बसलेले, एक हात स्पीकरवर, डोळे मिटलेले. मी दारातच थिजले. माझ्या बापानं ऑपेरा ऐकावा? विठ्ठलाच्या देवळात बँड लागला असता तरी मला एवढा धक्का बसला नसता.

वहिनी म्हणाली की काहीतरी लावता लावता मोबाईलनं आपणहूनच ते लावलं आणि तेव्हापासून रोज हेच चालू आहे. त्यातही फक्त गडी माणसं, तीही जाड आवाजाची. बायकांचं गाणं लागलं की आबा बंद करतात. मी जुन्या गायिकांची एवढी ध्वनिमुद्रणं त्यांना भरून दिली होती, त्यातलं एक लावत नव्हते. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आबांच्या समोर बसून मी त्यांना बरंच सुनावलं, तुमच्या कानाला झालंय तरी काय, इथपर्यंत बोलले. ते हसले आणि म्हणाले, गडी चांगला गातो. एवढंच. मी चहासुद्धा न घेता परत आले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जालन्यात आमच्या ओळखीच्या एका भाभींकडं बैठक होती. राजस्थानातून कधीकाळी आलेलं त्यांचं घराणं, खाली दुकान, वर मोठा हॉल, आणि भाभींना गाण्याची खरी आवड. दुपारची वेळ, म्हणून मी मुलतानी राग घेतला. आबांना गाडीनं आणलं होतं. त्यांचे गुडघे दुखत होते, तर भाभींनी कौतुकानं त्यांना मांडी घालू दिली नाही, दाराजवळ खुर्ची दिली. तिथून तबलजी दिसत नव्हता, मधे खांब होता. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

मुलतानीत वर जाताना रिषभ, म्हणजे रे, घ्यायचा नसतो. माझ्याकडं शिकणारी दुसऱ्या वर्षाची पोरगीही घेत नाही. त्या दिवशी घसा अडला, मन अर्धं घशाकडं, आणि मी तो घेतला. सगळ्या हॉलला कळलं. तबलजीनं मान खाली घातली. तेवढ्यात समोर बसलेल्या भाभींचा चष्मा मांडीवरून घसरला, तो धरायला त्या एकदम पुढं वाकल्या. आणि मागून, दाराजवळून, आबांचा भरदार आवाज आला, "वा! क्या बात है!"

आमच्या लोकांत चुकल्यावर दिलेली दाद म्हणजे भर सभेत थोबाडीत मारल्यासारखं असतं. खवचट गवई एकमेकांना अशी दाद देतात. दोघीतिघी पदरात हसल्या. माझ्या बापानं मला लोकांसमोर हिणवलं? ज्यांनी मला उभं केलं त्यांनी? पुढं मी काय गायले ते मला आठवत नाही. उरकलं आणि उठले. भाभींनी केलेली कचोरीही तशीच ठेवली.

आबांना धावड्याला सोडायला मीच निघाले. पाय लांब करता यावेत म्हणून ते मागच्या सीटवर बसले होते. जालना सुटलं तशी मी तोंड सोडलं. वाटेत कुठं थांबले नाही, श्वास घ्यायलाही नाही. म्हटलं, तुम्हाला माझं गाणं नको झालं असेल तर तसं सांगा, त्या जाड्या गवयांचंच ऐका, पण चारचौघांत माझा तमाशा कशाला करता. आईचं नाव काढलं, भावकीचं काढलं, मागचं पुढचं सगळं काढलं. बोलता बोलता रडायलाही लागले. मागून हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, लाज वाटतेय म्हणून गप्प आहेत. भोकरदन जवळ आलं तेव्हा त्यांनी पुढं वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं विचारलं,

"पोरी, आज काहून इतकी गप हायेस?"

मी गाडी कडेला घेतली. मागं वळून त्यांच्याकडं बघितलं. माझं ओलं तोंड दिसलं तसा त्यांचा चेहरा उतरला, आणि मग त्यांना कळलं की मला कळलंय. बाहेर उसाचे ट्रॅक्टर जात राहिले.

घरी पोचल्यावर मी वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. ती आधी टाळाटाळ करत होती, मग म्हणाली की ताई, त्यांला ऐकू येत न्हाई हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. समोर बसून मोठ्यानं बोललं तर ओठांवरून उमगतं. बायकांचा आवाज तर जवळपास गेलाच आहे. भावाला, तिला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना त्यांनी शपथ घातली होती की माझ्या पोरीला सांगायचं नाही, ती गाणं सोडून देईल. म्हणजे अख्खं गाव माझ्या गाण्यासाठी तोंड दाबून बसलं होतं आणि मी तिथं येऊन त्यांना ऑपेरावरून बोल लावत होते. मला हसावं की रडावं कळेना, पण राग मात्र चांगलाच आला, सगळ्यांचाच.

मी आबांच्या समोर बसले आणि सावकाश विचारलं, कधीपासून. ते म्हणाले हळूहळूच गेलं, तुझ्या लग्नानंतर थोडं थोडं कमी होत गेलं, मग कधी पार गेलं ते ध्यानात नाही. मग वा कशावर देत होता? तर म्हणाले, तबलजीची मान पडली की सम आली, आणि सूर लागला की तुझ्या भुवया सैल पडतात. तेवढ्यावर एवढी वर्षं चालवलं. आज खांब आडवा आला, म्हणून भाभीच्या मानेवर भरवसा ठेवला. त्या परदेशी गड्यांचं काय म्हणून विचारलं तर थोडे लाजले.

"ते जाड आवाज अजून येतात, हाताला बी लागतात," म्हणाले. "अगदीच मुक्यात राह्यल्यापेक्षा बरं. बाईचं गाणं कशाला लावू? तुझंच येत न्हाई, मंग दुसरीचं कशाला पाहिजे?"

ज्या 'वा'वर मी घसा फाटेस्तोवर गात राहिले, ते 'वा' माझ्या भुवयांना मिळत होतं.

मग मी हट्टाला पेटले. जालन्याला नेऊन कान तपासले, डॉक्टरांनी यंत्र सांगितलं, आबा नको नको म्हणत असताना मी ते करून घेतलं. ते नको का म्हणतात, हे मला कळायला पाहिजे होतं, पण मला तेव्हा एकच दिसत होतं, की आता आबा मला ऐकणार. पहिल्यांदा यंत्र घालून ऐकायचं तर आपल्याच घरी ऐकू दे, म्हणून तंबोरा घेऊन धावड्याला गेले. दुपारची वेळ होती. वहिनीनं अंगणातल्या कोंबड्या हाकलल्या. आबांनी यंत्र कानात घातलं, डोकं हलवून बघितलं, मग तबलजी समोर असल्यासारखे ताठ बसले. मी भीमपलासातली साधी बंदिश घेतली. इतकी भीती मला गुरुजींसमोरही कधी वाटली नव्हती.

सम आली, गेली. पुन्हा आली, गेली. आबा माझ्याकडं बघत होते, परक्या बाईकडं बघावं तसं. मी थांबले. त्यांनी यंत्र काढलं, सदऱ्याला पुसलं आणि विचारलं,

"ही तूच गात व्हतीस का?"

मी मान हलवली. त्यांनी यंत्र मुठीत मिटलं. मग म्हणाले, "राग धरू नको पोरी. माह्या डोक्यात तुझा येगळाच आवाज हाय. तू तोंड उघडलं की तोच लागतो. हा कुणाचा हाय, मला वळखू येईना."

मला कळलं कोण ती. लग्नाआधीची, विशीतली, एसटीत खिडकीशी बसून गुणगुणणारी. एवढी वर्षं प्रत्येक मैफलीत ती माझ्या जागी बसून गात होती आणि पहिल्या रांगेतून दाद घेत होती. पन्नाशीच्या बाईनं आपल्याच तरुणपणावर जळावं, हे सांगायलाही लाज वाटते, पण मी जळले. तिचा घसा, तिचा श्वास, आणि माझे आबा, सगळं तिच्याकडं. माझ्याकडं काय, तर हा चिरकलेला आवाज, जो त्यांना ओळखूही येत नाही. तंबोऱ्यावर खोळ घालायचा दिवस हाच, असं वाटलं.

पण माझा स्वभाव. मी यंत्र त्यांच्या हातातून घेतलं, त्यांच्या कानात घातलं आणि तोंडासमोर तोंड नेऊन म्हटलं, आबा, ती पोरगी गेली, आता मी आहे, मला ऐका. आणि पुन्हा पहिल्यापासून गायले. आवाज दोनदा फाटला, लपवला नाही. भुवयांचं काय झालं मला माहीत नाही. आबांनी एकदाही 'वा' म्हटलं नाही, मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं. मधेच डोळे पुसले, ते कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

गाणं संपल्यावर त्यांनी घसा खाकरला.

"उद्या परत गा," म्हणाले. "सवय करून घेतो."

मला संध्याकाळीच जालन्याला परतायचं होतं, दुसऱ्या दिवशी शिकवण्या होत्या. मी वहिनीला सांगितलं, रात्री माझ्याही भाकरीचं पीठ मळ.