बोर्ड चांगला आहे

आमच्या फ्रिज-मेकॅनिकला 'कानसेन' हे नाव आमच्या ह्यांनी ठेवलं. माझ्या डायरीत तीस वर्षांपूर्वीची नोंद आहे: 'मंगळवार, सकाळी अकरा. फ्रिजवाला आला. अर्धा तास फ्रिजला कान लावून उभा. पिशवी उघडलीच नाही. मग म्हणाला, मागचा एक स्क्रू ढिला आहे. तेवढंच निघालं.' ह्यांनी त्याच दुपारी बारसं केलं आणि गल्लीने नाव उचललं. त्यालाही ते आवडलं. फक्त दुकानाच्या पाटीवर लिहायचं राहिलं.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. आत जाताना मान वाकवावी लागते, पण आत गेलं की सगळं जागच्या जागी. एका भिंतीला बिस्किटांचे रिकामे डबे रचलेले, प्रत्येक डब्यात फ्रिजमधून काढलेला एकेक इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि वर त्याच्या बारीक अक्षरात चिठ्ठी: 'पाणी गेलं', 'पाल चिकटली', 'काही झालं नव्हतं, उगाच बदलला'. या शेवटच्या चिठ्ठीचे डबे सर्वांत जास्त.

फ्रिजमध्ये इलेक्ट्रॉनिक बोर्ड आले तेव्हा बरोबरीचे मेकॅनिक हबकले. बिघाड काहीही असो, बोर्ड बदलून मोकळे व्हायचे; त्यांनी काढलेले बोर्ड हा मागून आणायचा. हा मात्र खूश होता. मला सांगायचा, "वहिनी, बोर्ड फार गरीब असतो. त्याला जे कळवाल ते तो खरं मानतो आणि निमूट काम करतो. पण काही बिघडलं की आळ पहिला त्याच्यावर."

त्याची पद्धत ठरलेली होती. फ्रिजच्या आत, मागच्या बाजूच्या गार जाळीवर साचलेला बर्फ वितळवण्याचा हुकूम बोर्ड ठरावीक वेळाने देतो. दोन बटणं एकदम दाबून ठेवली की तो हुकूम आपल्यालाही देता येतो. तेव्हा बोर्डावरचा एक छोटा स्विच 'टक्' असा वाजतो. टक् ऐकू आलं तर बोर्ड जिवंत, दोष दुसरीकडे शोधायचा. नाही आलं तर बोर्ड गेला. टक् इतकं हलकं, की शेजारी कुणी पेपरचं पान उलटलं तरी निसटेल. म्हणून काम चालू असताना तो घरातल्या सगळ्यांना गप्प बसवायचा. आमचे हे एरवी कुणाचं ऐकत नसत, पण तेव्हा हाताची घडी घालून बसायचे.

गेल्या वर्षी त्याचे कान जायला लागले.

हे पहिल्यांदा त्याच्या बायकोच्या लक्षात आलं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चोवीस वर्षं ऑपरेटर होती. तिकडे माणसाने नुसता श्वास घेतला तरी कोण बोलतंय ते ओळखायची, असं ती सांगते आणि मला ते खरं वाटतं. तिने नवऱ्याला कानाचं यंत्र आणून दिलं. त्याने दोन दिवस लावलं. फ्रिजजवळ गेलं की त्यातून नुसती घरघर यायची, म्हणून काढून ठेवलं. वर म्हणे, "मला सगळं येतं ऐकू. हल्ली लोकच पुटपुटतात."

मग कोपऱ्यावरच्या केमिस्टचा फ्रिज बिघडला, औषधांचा. कानसेनने बटणं दाबली, टक् आलं नाही. बोर्ड गेला असं सांगून त्याने नवा बसवला. दोन दिवसांत फ्रिज पुन्हा गरम. पुन्हा बटणं दाबली तर नव्या बोर्डाचंही टक् नाही. दोन्ही बोर्ड मेलेले असणं शक्य नव्हतं. मग मेलं काय होतं, ते त्याला तिथेच उमजलं.

आमचाही फ्रिज तेव्हा कुरकुरत होता. वर बर्फ घट्ट, खाली दूध नासतंय. कंपनीचा माणूस दहा मिनिटांत 'बोर्ड गेला' म्हणाला. सूनबाई म्हणाली, "आई, नवाच घेऊन टाकू." मी म्हटलं, कानसेनला दाखवल्याशिवाय नाही.

तो आला, पण पिशवी न घेता. दारातच उभा राहिला.

"वहिनी, दुसरा माणूस बघा. मी दुकान बंद करतोय."

"का रे?"

"कान गेले." एवढंच म्हणाला. मग केमिस्टकडे काय झालं ते सगळं सांगितलं, काही न लपवता. "उद्या चांगले बोर्ड मेलेले म्हणून फेकायला लागलो, तर माझ्यात आणि त्या बाकीच्या मेकॅनिकांत फरक काय?"

त्याच्यामागून जिना चढून बायको आली. तिच्या हातात त्याची पिशवी होती.

"सांगून झालं का रडगाणं?" ती म्हणाली. "ताई, हे चार दिवस घरात तोंड पाडून बसलेत. तुमचा फ्रिज बघितल्याशिवाय ह्यांना परत नेणार नाही मी."

"अगं, बघू कसा? ऐकू येत नाही."

"मला येतं ना!"

स्वयंपाकघरात मी तिला स्टूल दिलं. ती फ्रिजला पाठ टेकून, डोळे मिटून बसली. त्याने नाखुशीने बटणं दाबली. सूनबाईसकट आम्ही सगळ्या गप्प. मला तर काहीच ऐकू आलं नाही. तिने बोट वर केलं.

"वाजलं."

"काय वाजलं?"

"टक्. तुमचं ते लाडकं."

"नक्की?"

"चोवीस वर्षं कधी चुकीची लाइन जोडली नाही मी. आता गप्प बसा, अजून काहीतरी आहे." थोड्या वेळाने म्हणाली, "आत कुणीतरी कागद चुरगाळतंय."

कानसेनचा चेहरा एकदम बदलला. "पंखा! गार हवा खाली ढकलणारा पंखा बर्फाला घासतोय. वहिनी, मध्ये फ्रिज बंद करून ठेवला की चार दिवस बरा चालतो का?"

मी डायरी आणली. तीन वेळा रात्रभर बंद ठेवला होता. तिन्ही वेळा पाचव्या दिवशी दूध नासलं होतं.

"बोर्ड चांगला आहे," तो म्हणाला, आणि आतली पत्र्याची फळी उघडली. जाळी दिसतच नव्हती, सगळा बर्फाचा ढिगारा. जाळी किती गार आहे ते बोर्डाला कळवणारा सेन्सर, शेंगदाण्याएवढा, त्याने सोडवून काढला. मी दिलेल्या पेल्यात बर्फाचं पाणी घेऊन त्यात बुडवला, तारांना मीटर लावला. आकडा यायला हवा होता त्याच्या निम्माही नव्हता.

"हा बघा चोर. बर्फात बसलाय आणि बोर्डाला सांगतोय, ऊब आहे. मग बोर्ड बर्फ वितळवणं लगेच थांबवतो. त्याची अक्कल शाबूत आहे, खबर चुकीची मिळतेय."

बायको स्टुलावरूनच म्हणाली, "मग एवढा बोर्ड फेकून द्यायचा की खबर देणारा बदलायचा?"

"खबर देणारा बदलायचा. साधी गोष्ट आहे."

"साधी आहे ना? मग दुकान कशाला बंद करताय?"

आधी सूनबाई हसली, मग मी, आणि शेवटी तोही. इतका हसला की हातातल्या पेल्यातलं पाणी माझ्या लादीवर सांडलं.

सेन्सर संध्याकाळी बसला. दुसऱ्या दिवशी दोघं केमिस्टकडे गेली. तिने दोन्ही बोर्डांचं टक् ऐकलं. बर्फ वितळवणाऱ्या हीटरची तार आत तुटलेली निघाली. जुना बोर्ड पुन्हा जागेवर बसला, आणि केमिस्टसमोर कानसेनने चूक कबूल केली.

आता दोघं मिळून जातात. तिच्या अटी आहेत: दहाच्या आधी निघणार नाही, पिशवी उचलणार नाही, स्टूल स्वच्छ हवं. ती बसते, बोट वर करते. तो तिच्या बोटाकडे बघतो. वाटेत भांडतात तेही ऐकण्यासारखं असतं, कारण त्याच्यामुळे तिला मोठ्याने भांडावं लागतं.

परवा त्यांच्या दुकानात सहज डोकावले. डब्यांत आता बोर्डांबरोबर काढलेले सेन्सरही आहेत, आणि वरच्या चिठ्ठ्यांवर दोघांची अक्षरं. वर त्याचं बारीक: 'बोर्ड चांगला. सेन्सर बदलला.' खाली तिचं ठसठशीत: 'कागद चुरगाळल्यासारखं.' 'लांबून कुणी शीळ घातल्यासारखं.' एका डब्यावर नुसतं तिचंच: 'हे म्हणाले बोर्ड गेला. खरंच गेला होता.'

त्या चिठ्ठीखाली त्याने सही केली होती.