लिफ्टखालचा माणूस

आमच्या मुलुंडच्या सोसायटीची लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. मेन स्विच बंद करून त्याने स्विचच्या बॉक्समधून काहीतरी काढलं, शर्टाच्या खिशात टाकलं आणि खिशाला बटण लावलं. मग स्विचवर ‘काम चालू आहे’ची पाटी अडकवून तो लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरला.

गुडघ्याचं ऑपरेशन झालेली माझी आई खुर्चीत ताटकळत होती. अर्ध्या तासाने खालची ठोकठोक थांबली. गेला असेल चहाला, स्विच चालू करायचंही भान नाही! मी चिडून पाटी बाजूला सारली आणि स्विच वर केला.

लिफ्ट हललीच नाही. खड्ड्यातून मात्र आवाज आला, “कोण आहे?”

तो वर आला, पण ओरडला नाही. बटण काढून त्याने खिशातले तीन फ्यूज दाखवले. “पाटी तुमच्यासाठी असते, मॅडम. हे माझ्यासाठी. घाई काय, सगळ्यांनाच असते.”

बटण परत लावून, पाटी सरळ करून तो पुन्हा खाली उतरला.

काम संपेपर्यंत मी स्विचसमोरच उभी राहिले, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.