साहेबांचं चांदीचं पदक

अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनही चुकेल. चौथीनंतर हातात पेन्सिल फारशी आली नाही. पण हे मी तोंडाने कुणाला सांगितलेलं नाही — मुलीलाही नाही — म्हणून लिहिते.

गंगापूर रोडला एका साहेबांकडे मी धुणीभांडी करायची. साहेब लढाईत विमान चालवायचे. शत्रूचं विमान पाडलं म्हणून त्यांना पदक मिळालं होतं. कपाटात आणखीही पदकं होती, पण हे चांदीचं. मला कसं कळलं? दर सव्वीस जानेवारीच्या आधी मीच ती घासायची. हे एकच काळं पडायचं, आणि दातांच्या पांढऱ्या पावडरीने लख्ख व्हायचं.

साहेबांना जुन्या साथीदारांची नावं पाठ होती, विमानाचा नंबरसुद्धा. मला मात्र "ए बाई". नाव कधी विचारलं नाही. मी लाजरी, मीही सांगितलं नाही.

मुलीच्या साखरपुड्यासाठी सुट्टी मागितली तेव्हा पाहुणे बसले होते. साहेब म्हणाले, "बाई, आम्ही लढाई टाकून कुणाच्या साखरपुड्याला गेलो नव्हतो." सगळे हसले. मीही हसले. ते हसणं अजून टोचतं. पण म्हणून केलं, असं म्हणू का? नाही. केलं ते मी केलं.

पदक घेतलं. फीत कापून जाळली. पिंपळगावच्या सोनाराने उलटसुलट करून पाहिलं. "मावशी, यावर काहीतरी लिहिलंय. मोडायचं नक्की?"

"मोडा. जोडवी करा."

अंगठी झाली असती, करंडा झाला असता. पण त्यांनी जे छातीवर मिरवलं ते मला मुलीच्या पायातच घालायचं होतं.

साहेबांनी घर पालथं घातलं. तेव्हा त्यांना थोडं विसरायला होत होतं, ते मला माहीत होतं. मी म्हणाले, "साहेब, तुम्हीच कुठंतरी ठेवलं असेल." त्यांनी ते खरं मानलं. मग किल्ली, चष्मा, सगळं दोनदोनदा चाचपायचे. पाहुण्यांना लढाईची गोष्ट सांगणंही बंद झालं. मला बरं वाटलं — लिहिताना हात थांबतो, पण बरं वाटलं.

लग्नानंतर मुलगी त्यांच्या पाया पडायला आली. साहेबांनी विचारलं, "बाई, हिचं नाव काय?" मी सांगितलं. नाव घेऊन त्यांनी आशीर्वाद दिला. ती उठताना जोडवी फरशीवर वाजली. मी दारात उभी होते.

आता साहेब नाहीत. मुलगी दिंडोरीला द्राक्षबागेत कामाला जाते. तिथल्या फवारणीने जोडवी काळी पडतात. सणाला माहेरी आली की पाय पुढे करते, आणि मी दातांच्या पावडरीने घासून देते.