शिक्क्यावरचं बोट

कंधारला आमच्या शेजारी एक काका राहतात. त्यांनी नोकरीभर पोस्टात गावोगावचं टपाल निवडलं. बारीक काही बघायचं असलं की लोक चष्मा लावतात, हे काढतात.

घरातून न सांगता गेलेल्या माझ्या भावाचं परवा पत्र आलं. ‘बरा आहे,’ एवढंच. पत्ता नाही, आणि शिक्का म्हणजे नुसता काळा डाग.

आई आणि मी ते घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी पाकीट उन्हात तिरकं धरलं. "सबूर," ते स्वतःलाच म्हणाले. मग म्हणाले, "किनवट हाय. तिथला शिक्का झिजलाय, डावी कड उठतच न्हाई."

मी बघतच राहिलो. मला अजूनही डागच दिसत होता.

त्यांनी आईचं बोट धरून त्या डागावर टेकवलं. "वैनी, तुमचा लेक इथं हाय."

बोट न उचलता आईनं मला विचारलं, "किनवटची एस्टी कव्हा हाय?"