रिगच्या पायाचा पहिला थर

हिवरखेडात बाबांची वेल्डिंगची टपरी होती. ट्रॉलीचा साटा, वखराची पास, शाळेचं फाटक, येईल ते जोडायचे. लाइट असली तर काम. नसली तर बाबा ओट्यावर बसून तारांकडे पाहत राहायचे आणि आई पीठ जरा कमीच भिजवायची. शेवटी ते समुद्राकाठच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात गेले आणि आम्ही अकोल्याला एका खोलीत आलो.

घरातली पहिली पदवी माझी. अमरावतीला इंजिनिअर झाले आणि त्याच यार्डाच्या तपासणी खात्यात लागले. बाबा तोवर निवृत्त होऊन गावी परतले होते.

यार्डाचा इतिहास छापायचा ठरला, त्याचा मसुदा तपासायला माझ्याकडे आला. आधी मासेमारीच्या होड्या, मग मालवाहू जहाजं, मग समुद्रात तेल काढणारा पहिला रिग. त्या रिगचा तडकलेला पाय ‘बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने जोडला’ म्हणे. ज्या कामानं यार्डाचं नाव झालं, त्यात आमचं माणूसच नाही. लहानपणापासून मी तर वेगळंच ऐकलेलं. बाबांना फोन लावला.

“पाय कोणी जोडला?”

“म्याच. दुसरं कोन?”

“मग मसुद्यातल्या फोटोत जोडाशेजारी नंबर त्या तज्ज्ञाचा कसा?”

जाड लोखंडाचा जोड वेल्डिंगचे थरावर थर चढवून भरतात. प्रत्येक वेल्डरला नंबर असतो, आणि शेवटचा थर ज्याचा, त्याचाच नंबर लोखंडावर ठोकायचा, अशी यार्डाची रीत.

“अवं, पाहुना होता तो. आठ दिवस माह्या बाजूले उभा राहून पाहे. शेवटचा थर त्याले म्हटलं तुमी भरा. बरं दिसते का, पाहुन्याले नुसतंच उभं ठेवनं?”

मी कपाळाला हात लावला. पंगतीत पाहुण्याला आधी वाढतात, कबूल. लोखंडावर कोण वाढतं?

“तेव्हाच सांगायचं ना, बाबा.”

“कायले सांगू? जोड टिकला ना? अन् तुले शिकवलं कायले मंग? लिही.”

मी ते वाक्य बदलायला म्हटलं, तर खात्याचे साहेब म्हणाले, “मॅडम, वडिलांच्या शब्दावर इतिहास छापत नाहीत.” त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच जास्त चीड आली.

मग डोक्यात आलं. एवढ्या मोठ्या जोडाचा पहिला थर झाला की आधी एक्स-रे काढतात, मगच दुसरा चढवतात. फिल्मवर वेल्डरचा नंबरही शिशाच्या आकड्यांनी उमटवतात. रेकॉर्डच्या खोलीत तीन आठवडे गेले. ओलीनं फिल्मा एकमेकींना चिकटलेल्या, पाकिटांवरची शाई उडालेली, आणि शिपाई रोज विचारायचा, “अजून नाही सापडलं?”

सापडलं. सत्तेचाळीस. हाच आकडा बाबांच्या जेवणाच्या डब्यावर अजून कोरलेला आहे.

साहेबांनी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली आणि वाक्य बदलायला पेन माझ्याकडे दिलं. बाबांनी फोनवर एवढंच बजावलं, “त्या पाहुन्याले काढू नोको.”

यार्डाचा इतिहास छापून आला. त्यात लिहिलं आहे की रिगचा पाय हिवरखेडच्या वेल्डरने जोडला आणि शेवटचा थर पाहुण्या तज्ज्ञाने भरला.