सोनाळ्याचं सुतक

सुलतानपुरात पुष्पाबाई मापारीच्या तोंडी लागायची कोणाची टाप नव्हती. नवी सून होती तेवढीच काय ती गप्प बसली. सासूने डोळे मिटले आणि हिची जीभ सुटली, ती आजवर. कोणाची कोण मावशी, कोणाचं देवक काय, कोणत्या घरात पोरगी देता येते आणि कोणत्या घराशी भाऊकी लागते, सगळं हिला पाठ. गावात सोयरीक जुळवायची तर आधी हिच्या ओसरीवर यायचं. हिने मान डोलावली तर पुढचं बोलणं, नाही तर चहा प्या आणि चालते व्हा. हिच्या नकारापायी मोडलेल्या लग्नांच्या आया अजून हिच्या नावाने बोटं मोडतात. मोडोत बापड्या! हिला त्याचं सुखदुःख नव्हतं.

खुद्द घरच्या सुनेलाही हिने नाहीच म्हटलं होतं. पण गणेश, तिचा एकुलता एक लेक, हट्टाला पेटला आणि जयमालाला घेऊन आला. त्या दिवसापासून सासू-सुनेचं जे जुंपलं ते जुंपलंच. घरात भांडी कमी आणि आदळआपट जास्त.

आता पंच्याहत्तरी ओलांडल्यावर पुष्पाबाईचं एक नवंच सुरू झालं. माणूस आठवायचा, गाव आठवायचं, पण हा माणूस त्या गावचा हे काही केल्या जुळायचं नाही. जुळायचं, पण फार उशिरा. वाक्य अर्ध्यावर अडायचं आणि जयमाला टपून बसल्यासारखी ते पुरं करून टाकायची. "आत्याबाईले चहा पाह्यजे." हिला कशाला हवा चहा? ही भलतंच सांगत असायची. मग कप भिंतीवर जायचा.

शेवटी गणेशने तिला बुलढाण्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा फोटो काढायला लावला, हिच्याकडून घड्याळाचं चित्र काढून घेतलं, उलटे आकडे म्हणून घेतले. मग शांतपणे सांगितलं, "आजींच्या आठवणी आहेत तिथेच आहेत. पण डोक्याच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे निरोप नेणारे बारीक धागे असतात. वयाने ते कमजोर होतात, कोणाचे कमी, कोणाचे जास्त. मग विचार हळू चालतो. दोन गोष्टींची सांगड पटकन बसत नाही. हे वेड नाही. त्यांना बोलायला वेळ द्या, मध्ये बोलू नका."

इतकं नीट समजावलं त्या बाईने. आणि जयमालाने त्यातलं घरी काय आणलं? "डोक्याच्या तारा तुटल्या आत्याबाईच्या." नळावर सांगितलं, गिरणीत सांगितलं, माहेरी फोन लावून सांगितलं. बसस्टँडवरच्या पोरी पुष्पाबाईला बघून हसायला लागल्या. जिच्या होकाराशिवाय या गावात कुंकू लागत नव्हतं, तिला आता कोणी लग्नाची पत्रिकासुद्धा वाचून दाखवेना.

डॉक्टरीणबाईंचं ऐकलं ते एकट्या करिष्माने. गणेशची ही थोरली पोरगी. आजी बोलता बोलता अडली की ती हनुवटीखाली हात घेऊन समोर बसायची. "बोल आजी. मी थांबते." थांबायचीसुद्धा. मग कधीतरी आजीच्या भुवया वर जायच्या, उजवा हात मांडीवर आपटायचा, आणि हवा तो शब्द यायचा. करिष्मा खुदकन हसायची. त्या घरात पुष्पाबाईशी गोड वागणारं तेवढं एकच माणूस होतं.

आणि नेमकं तिचंच लग्न निघालं. शेगावला शिकताना ऋत्विक नावाच्या मुलाशी ओळख झालेली, दोघांचं ठरलेलं. मुलगा कामाला, घर चांगलं, जात जुळणारी. जयमाला हवेत होती. जेवताना गणेशने सांगितलं, "सोनाळ्याचे वानखडे हायेत, माय."

पुष्पाबाईचा घास हातातच राहिला.

"थांब. सोनाळ्याचे... वानखडे..."

"हाव. काऊन?"

"नाही जमत हे."

"कायले नाही जमत?"

ते तिलाच कळत नव्हतं! सोनाळा म्हटलं की डोळ्यांसमोर एकच यायचं: पुरणपोळ्यांची दुरडी, आणि सासू ती उचलून गोठ्यात नेते आहे. आपण नवी सून, पोटात आग पडली आहे, आणि पोळ्या बैलांच्या पुढ्यात. का? सोनाळ्याचा त्याच्याशी काय संबंध? दोन्ही टोकं हातात होती, गाठ बसत नव्हती. ती तिळपापड झाली. "पोळ्या... गोठ्यात..." एवढंच बोलून स्वतःच्याच कपाळावर मूठ मारून घेतली तिने.

"पाह्यलं?" जयमाला कडाडली. "माह्या लग्नात आडवी आली, आता पोरीच्या लग्नात येऊन राह्यली. कारण इचारलं तं पोळ्या सांगते! तारा तुटल्या, पण खोड काही गेली नाही."

"तू चूप बस, भवाने!"

"मी कायले चूप बसू? माह्यी पोरगी हाय थे."

गणेश ताटावरून उठून गेला. करिष्मा तेवढी बसून राहिली. डोळ्यांत पाणी, पण आवाज कडक. "आजी, कारण असन तं सांग, मी थांबते. पण नुसतं मोडायचं म्हणून मोडू नको. मले दुसरा कोणी नाही पाह्यजे." एवढं बोलून तीही उठली. त्यानंतर साक्षगंधापर्यंत ती आजीसमोर हनुवटीखाली हात घेऊन बसली नाही. पुष्पाबाईला सुनेच्या सगळ्या शिव्या पचल्या होत्या. हे पचलं नाही.

साक्षगंधाच्या दिवशी अंगणात मांडव पडला. सोनाळ्याहून दोन गाड्या भरून माणसं आली. जयमालाने सासूला बजावून ठेवलं होतं, "कोपऱ्यात बसायचं. तोंड उघडाचं नाही." पुष्पाबाई कोपऱ्यात बसली, पण डोळे फिरत होते. समोर खुर्चीवर मुलाचा आजा निवृत्ती वानखडे, तिच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, पांढरा फेटा, मिशीला पीळ. ती त्याच्या नाकाकडे बघत राहिली. ते नाक तिने रोज पाहिलेलं होतं. कोणाच्या तोंडावर? तेही येईना.

अंगठ्या घालायच्या वेळी ती उठली. काठी टेकत थेट म्हाताऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुमचा बाप कोणत्या दिवशी मेला हो?"

मांडवात मग एकच गलका. निवृत्ती ताडकन उठला. "शुभ कार्यात मयत काढते, बाई? काही लाज-शरम?"

"लाज गेली चुलीत. कोणत्या दिवशी, थे सांगा!"

"आत्याबाई!" जयमालाने दंड धरून मागे खेचलं. पुष्पाबाईने काठी उगारली. म्हाताराही आता पुरता पेटला होता. "ऐकायचं हाय न? ऐक! पोळ्याच्या दिवशी गेला माहा बाप! बैल सजून दारात उभे होते. तवापासून आमच्या घरात त्या दिवशी पुरण शिजत नाही. झालं समाधान?"

पोळा.

पुष्पाबाईच्या भुवया वर गेल्या. उजवा हात मांडीवर आपटला.

लग्नानंतरचा पहिलाच पोळा होता तो. सोनाळ्याहून गुपचूप सांगावा आला आणि सासूने शिजलेलं सगळं अन्न गोठ्यात टाकलं, तिला डोक्यावरून आंघोळ करायला लावली. ही रडली, "त्यायचं आडनाव वानखडे, आपल्याले कायचं सुतक?" तेव्हा सासू कानाशी बोलली होती. तो सासऱ्याचा धाकटा भाऊ. तान्हा असताना सोनाळ्याच्या मूलबाळ नसलेल्या वानखड्यांना दत्तक दिलेला. त्याच्या पोरांनाही तिकडे कोणी सांगितलेलं नाही, आणि तू कुठे बोललीस तर जीभ कापीन. पण रक्त मापाऱ्यांचं, म्हणून सुतक. ते नाकही सासऱ्याचंच होतं!

म्हणजे वानखडे नावापुरते. मुलगा भाऊकीतला. करिष्माला भाऊ लागतो, दूरचा का होईना. पुष्पाबाई बरोबर होती. सगळं गाव चूक, जयमाला चूक, आणि ही बरोबर! एक वाक्य बोलायचा अवकाश, अंगठ्या परत डबीत गेल्या असत्या आणि सुनेचं तोंड कायमचं बंद झालं असतं. अशाच गोष्टीवरून तिने परक्यांची किती लग्नं मोडली होती, आणि त्या त्या रात्री तिला झोपही छान लागली होती.

"बोल न आता," गणेश ओरडला. "काऊन इचारलं थे, माय?"

गर्दीतून करिष्मा पुढे आली. चेहरा पांढराफटक पडला होता. आजीच्या भुवया तिने पाहिल्या होत्या, मांडीवर आपटलेला हात पाहिला होता. तिला कळलं होतं. तरी ती समोर उभी राहिली आणि म्हणाली, "बोल आजी. मी थांबते."

पुष्पाबाईने तिच्याकडे पाहिलं. मग जयमालाकडे पाहिलं. तोंडात आलेलं वाक्य तिने गिळलं. औषधाची कडू गोळीसुद्धा तिने आजवर अशी मुकाट्याने गिळली नव्हती.

"भुलली माय मी," ती म्हणाली. "काय इचारत होती, थेच भुलली."

जयमाला पाहुण्यांकडे वळली. "मनावर घेऊ नका हो. डॉक्टरनं सांगतलं हाय, डोक्याच्या तारा तुटल्या त्यायच्या."

निवृत्ती धुसफुसत खाली बसला. कोणीतरी हसलं.  पुष्पाबाईने सुनेकडे असं पाहिलं की दुसरं कोणी असतं तर जागीच बसलं असतं.

"हाव," ती म्हणाली. "तुटल्या."

अंगठ्या झाल्या. पंगत बसली. पुरणपोळीचा बेत होता. करिष्मा स्वतः ताट घेऊन कोपऱ्यात आली आणि आजीला चिकटून बसली. हनुवटीखाली हात घेतला.

"आजी," ती हळूच म्हणाली, "तुले आठवलं न?"

"तूप वाढ," पुष्पाबाई खेकसली. "मुकाट्यानं वाढ. त्या दिवसाची उपाशी हाओ मी."