अकराव्या पानावरचं पाणी

आमच्या बीड जिल्ह्यात गिलाव्याचं काम घेताना पाण्याची गोष्ट कुणी काढत नाही. पाणी मालकाचं. घरी आलेल्या माणसापुढे तांब्या ठेवायचा असतो, तसंच हे. पंधराव्या वर्षी मी थापी हातात घेतली. चौसाळ्याच्या दुकानांपासून घाटनांदूरच्या मंगल कार्यालयापर्यंत भिंती केल्या, पण पाणी कुणाचं, असं कधी विचारावं लागलं नाही.

म्हणून महामार्गालगतच्या त्या वसतिगृहाचा करार मी वाचला तो बाकी सगळ्यासाठी. बांधकाम करणारी कंपनी बाहेरची, तिचा साइट मॅनेजर मात्र आष्टीकडचा. त्याच्यासमोर मी सकाळपासून दुपारपर्यंत बसलो. बारा पानं होती. छताच्या गिलाव्याचा दर भिंतीपेक्षा वेगळा लिहून घेतला. परांचीचा, म्हणजे उभं राहायच्या बांबू-फळ्यांचा, खर्च त्यांच्या अंगावर टाकला. दसऱ्यानंतर माझी अर्धी माणसं ऊसतोडीला जातात, त्या काळात उशिराचा दंड लावायचा नाही, हेही घालून घेतलं.

"मिस्त्री, तुमी वकीलच व्हायचं होतं," तो म्हणाला.

मी फुगलो आणि सही ठोकली.

इमारत चढत गेली. चैत्रात दुसऱ्या मजल्याची पश्चिमेकडची लांब भिंत संपवली. गिलावा झाला की सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं, नाहीतर तो तडकतो आणि भिंत सोडतो. दुसऱ्याच दिवशी कंपनीचा रोजचा टँकर आला नाही. हौदात तळाला गाळ. मी मॅनेजरच्या पत्र्याच्या खोलीत गेलो.

"साहेब, टँकर कावून न्हाई आला?"

"बंद केला. पाणी तुमचं हाय."

"मस्करी करू नका. भिंत वाळायलीय."

त्यानं शांतपणे करार काढला आणि अकराव्या पानावर बोट ठेवलं. थापी, रंधा, ओळंबा, चाळणी, पाणी, घमेली व इतर किरकोळ साहित्य उपकंत्राटदाराने आणावे. ही ओळ मी वाचली होती. अवजारांची यादी दिसली, म्हणून नजर पुढे नेली होती. चाळणी आणि घमेल्याच्या मध्ये त्यांनी पाणी बसवलं होतं.

कंपनीचा बाहेरचा माणूस असता तर म्हटलं असतं, त्याला इथली रीत ठाऊक नसेल.

"तुमी आष्टीचे," मी म्हणालो. "इथं पाणी मालक देतो, हे तुमाला ठाऊक न्हाई?"

"ठाऊक हाय म्हणून तर घमेल्याशेजारी ठेवलं," तो म्हणाला. "वेगळी ओळ केली असती तर तुमी लगेच धरली असती."

माझा हात टेबलावरच्या जड पितळी ओळंब्यावर गेला होता. तो मी कसा आवरला, माझं मला माहीत.

उन्हाळ्यात टँकर मागितल्या दिवशी मिळत नाही. सगळे गावांना लागलेले असतात. मी फोन करून करून थकलो. तिसऱ्या दिवशी एक आला. तोवर पश्चिमेचं ऊन आणि गरम वारा यांनी भिंतीचा जीव काढला होता. माझ्या माणसांनी पिण्याचे हंडेसुद्धा तिच्यावर ओतले होते. कंपनीच्या इंजिनिअरनं हातोडीच्या दांड्यानं ती ठोकली. जागोजागी पोकळ आवाज आला. माझी भिंत आजवर कधी तशी वाजली नव्हती.

"तोडा," तो म्हणाला.

दुसऱ्या कुणाला मी ती तोडू दिली नाही. छिन्नी घेतली, मीच तोडली, पुन्हा केली आणि आधी पाणी भरून ठेवून मगच पहिला थर मारला. या वेळी इंजिनिअरनं ठोकून बघितलं तेव्हा पोकळ आवाज कुठंच आला नाही. मॅनेजर खाली सावलीत उभा राहून बघत होता.

काम संपलं त्या दिवशी त्यानं शेजारच्या इमारतीचा करार माझ्यापुढे धरला. अकरावं पान उघडूनच दिलं. पाणी हा शब्द पेनानं खोडला होता आणि बाजूला त्याची सही होती.

"आता तर झालं ना मनासारखं? तुमच्यासारखा हात मिळत न्हाई, मिस्त्री."

"या खेपेला काय कुठं ठेवलंय?" मी विचारलं.

तो मोठ्यानं हसला. मला हसू आलं नाही. बाकीची अकरा पानं मी वाचली असती, एकेक शब्द उलटापालटा केला असता, तेवढी अक्कल आता आली होती. पण ज्याची प्रत्येक ओळ झडती घेतल्यासारखी वाचावी लागते, त्याच्या भिंतीला माझी थापी लावायची कशाला? कराराची घडी करून मी त्याच्या खिशात खुपसली आणि माणसांना परांची उतरवायला सांगितली.